उष्टी पुस्तकं

"काका, ह्याच्यात डोंगर कुठं हाय?"

हिरूने निळ्या कव्हरचं ते जाडजूड पुस्तक मांडीवर उघडून धरलं होतं आणि ती खरंच विचारत होती. तिच्या बोलण्यात खोच असती तर दशरथला बरं वाटलं असतं. खोच असली की उलटून बोलता येतं.

"कंचा डोंगर?" तो म्हणाला.

"तोच वो, नवनाथकाका नेहमी सांगतात तो. नवरा कधी नेत नाय म्हणून सुमती एक दिवस एकटीच डोंगर चढून जाते आनि सांजच्याला येऊन भाकऱ्या थापते. नवऱ्याला पत्ता पण लागत नाय. मी अख्खं पुस्तक वाचलं काका. सुमती हाय, तिचा नवरा पण हाय. पण ती पुन्याच्या बाहेर पाऊल टाकत नाय. शेवटपर्यंत नुसती कोर्टाच्या पायऱ्या चढते."

नवनाथ मोठ्याने हसला. रसायनीच्या कारखान्यात दशरथबरोबर एकाच पाळीत त्याची उमेदीची वर्षं गेली होती, आणि दशरथसारखा वाचणारा माणूस आपला मित्र आहे याचा त्याला खुद्द दशरथपेक्षा जास्त अभिमान होता.

"नीट वाच गं पोरी. जाताना ती कुंपनावर पिवळं पातळ वाळत घालून जाते, का तर वरनं आपलं घर वळखू यावं म्हणून. दशरथनं कॅन्टीनमधी सांगितलं तवा भल्याभल्यांच्या हातात घास तसाच र्‍हायला होता. असंल बघ कुठंतरी मधी."

"मला पण वाटलं पानं गळली असतील. म्हणून आकडे बघितले. सगळी हायेत." मग हिरू अगदी सहज म्हणाली, "उलट मधली पानं तर वरनं जोडलेलीच होती. बांधनाऱ्यानं कापलीच नव्हती. भाजीच्या सुरीनं एकेक सोडवली मी."

ओटीवर समोर बसलेल्या अंबूबाई चष्म्यावरून दशरथकडे पाहत होत्या. सगळी हयात प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेलेली बाई ती. गृहपाठ न केलेलं पोर ओळखायला त्यांना वही बघावी लागत नसे.

"दुसऱ्या पुस्तकातलं असंल," दशरथ म्हणाला. "वय झालं. इकडचं तिकडं होतं."

"होतं तसं," अंबूबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या पुस्तकाचा विषय काढला. त्यांनी सांभाळून घेतलं हे दशरथला कळलं, आणि सांभाळून घेण्याजोगं काही आहे हे त्यांना कळलं, हेही कळलं. सुनेने, रुचिताने, आणून दिलेला चहा त्याच्या हातातच निवला.

हे वाचनाचं मंडळ अंबूबाईंच्याच डोक्यातून निघालेलं. घरोघरी कपाटात पुस्तकं पडलेली असतात. कुठल्या सत्काराला नारळाबरोबर मिळालेली, प्रदर्शनात हौसेने घेतलेली, एखाद्याने सही करून गळ्यात मारलेली. ती वाचून संपवायची, तीही चारचौघांत बसून, म्हणजे अंगचोरपणा चालणार नाही. न वाचलेलं पुस्तक सोवळं आणि वाचलेलं उष्टं, हे नावही त्यांनीच पाडलं. घरातलं सोवळं संपल्याशिवाय नवं विकत घ्यायचं नाही, आणि उष्टं केलेलं पुस्तक सगळ्यांना सांगून दुसऱ्याच्या हाती द्यायचं, एवढेच नियम. पोशीरमध्ये एवढी ऐसपैस ओटी दशरथचीच, तेव्हा दर रविवारी सकाळी मंडळी तिथे जमत.

पहिल्याच रविवारी अंबूबाईंनी सगळ्यांना विचारलं होतं, कुणाकडे सोवळं किती? नवनाथने लाजत लाजत पिशवी रिकामी केली. अंबूबाईंनी स्वतःची पेटी उघडली. दशरथ मात्र काचेच्या दारांच्या कपाटाला पाठ टेकून म्हणाला होता, "माझ्याकडं सोवळं एक पन नाय." हिरू वरच्या ठाकूरवाडीतली, आरोग्य केंद्रात नर्स. तिच्या घरी पुस्तकच नव्हतं, मग सोवळं काय नि उष्टं काय. म्हणून तिला दशरथच्या कपाटातलं एक काढून घ्यायला सांगितलं गेलं. नवनाथने एवढं वाखाणलेलं म्हणून तिने निळं निवडलं. उपाशी माणसाने जेवायला बसावं तशी ती पोर वाचत असे.

आता खरं काय ते सांगायला हवं. दशरथने त्या कपाटातलं एकही पुस्तक वाचलं नव्हतं.

वाचता येत नव्हतं अशातला भाग नाही. वर्तमानपत्र तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचे. पण पुस्तक हाती घेतलं की दुसऱ्या पानावर त्याची मान पडे. बॉयलरवर आठ तास उभं राहून आलेल्या माणसाची मान पडली तर त्यात लाज कसली? पण लाज आधीच येऊन बसली होती. कारखान्यात कॅन्टीनशेजारी एकदा पुस्तकांचं प्रदर्शन भरलं. दशरथ नुसता सावलीला उभा होता. एक साहेब म्हणाले, "अरे वा, तू पण वाचतोस?" तो हो म्हणाला. हो म्हटल्यावर एक विकत घेणं आलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, कसं आहे? मग त्याला काहीतरी सांगणं आलं.

सांगायला घरी बायको होती, आवडी. आवडी सातवी झालेली, अक्षर वळणदार, वाचताना ओठ हलवायची. त्या संध्याकाळी त्याने पुस्तक तिच्या पुढ्यात टाकलं आणि म्हणाला, "वाच गं जरा दुपारचं. नि मला सांग काय हाय त्याच्यात." तिने वाचलं आणि भाकऱ्या थापता थापता सांगितलं. तेच त्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि साहेब बाजूलाच राहिले, अख्खं कॅन्टीन ऐकत बसलं.

तिथून ती रीतच पडली. दर वर्षी प्रदर्शनात तो जाडीकडे बघून पुस्तकं घ्यायचा, आवडी त्यांना जुन्या कॅलेंडरच्या कागदाची कव्हरं घालायची आणि चुलीपाशी बसून गोष्टी सांगायची. आवडीची गोष्ट दशरथच्या डब्याबरोबर कंपनीच्या बसमधून रसायनीला जायची. लोक त्याला 'वाचक' म्हणायला लागले. घरी आला की तो म्हणायचा, "काय लिहितो गं हा लेखक! मान्साच्या पोटात शिरून लिहितो." आवडी तव्यावरची भाकरी उलटायची.

आवडी जाऊन आता काही वर्षं झाली होती, आणि गोष्टी अजून दशरथच्या नावावर चालल्या होत्या.

त्या दुपारी रुचिता माहेरी दहिवलीला गेली आणि घर रिकामं झालं, तेव्हा दशरथने कपाट उघडलं. काचेची दारं तो नेहमी पुसायचा. आतलं कधी काढलं नव्हतं. दसऱ्याला आवडी सगळी पुस्तकं खाली घेऊन त्यांना हळदकुंकू वाहायची, तेवढीच त्यांना हवा. डोंगराची गोष्ट दुसऱ्या कुठल्या पुस्तकात सापडली तर आपली अब्रू राहील, एवढ्याच आशेवर तो एकेक उघडत गेला.

पहिल्या पुस्तकात सुरुवातीच्या पानांच्या कोपऱ्यांवर पिवळसर बोटं उमटली होती. हळदीची बोटं, पान उलटताना लागलेली. मग ती थांबली होती. पुढची पानं कोरी करकरीत, दुकानातून आणल्यासारखी. दुसऱ्या पुस्तकातही तेच. काहींत बोटं थोडी लांबवर गेली होती, काहींत पहिल्या पानावरूनच मागे फिरली होती. शेवटपर्यंत एकातही पोचली नव्हती.

दशरथला आधी राग आला. बाईने आपल्याला फसवलं! आपण चारचौघांत छातीठोक सांगायचो आणि ही मनाचं रचून द्यायची! मग त्याला आठवलं की घरात तेव्हा म्हातारी अंथरुणाला खिळलेली, दारात दोन म्हशी, पोरं लहान, भाताची लावणी नि कापणी तिच्याच अंगावर. दुपारचं वाच म्हणे. कुठली दुपार? तो रोज येऊन विचारायचा, "वाचलंस का?" आणि नाही म्हटलं की तोंड फुगवून बसायचा. तिने नावं पुस्तकातली घेतली आणि बाकीचं पदरचं घातलं. राग कुणाचा यायचा, तर ज्याला स्वतःचं पुस्तक उघडून बघायची कधी बुद्धी झाली नाही त्याचा. राग निवला आणि त्या जागी लाज आली, ती मात्र जाईना.

निळं पुस्तक हिरूने परत ठेवलं होतं. तेही त्याने उघडलं. पहिल्या काही पानांवर हळद, आणि मग हिरूने सुरीने सोडवलेल्या कडा. ते हातात धरून तो बसला असताना त्याला पातळाची आठवण झाली.

भातं निसवून लोंब्या बाहेर आल्या होत्या तेव्हाची गोष्ट. पहिली पाळी करून तो घरी आला तर आवडी नव्हती. म्हातारीजवळ शेजारीण बसली होती. कुंपणावर आवडीचं पिवळं पातळ, लग्नानंतर त्याने घेतलेलं एकुलतं एक भारी पातळ, टोकापासून टोकापर्यंत पसरलेलं होतं. आवडी तिन्हीसांजेला आली. तोंड लाल, पायांवर मातीचे ओघळ. तो म्हणाला होता, "अक्कल हाय का? तिन्हीसांजेला बाईचं कापड बाहेर ठेवतात? शेळीनं खाल्लं असतं म्हंजे?" तिने पातळ काढून घडी केली. भाकऱ्या थापल्या. जेवण झाल्यावर त्याच्या ताटलीत तिने चिक्कीचा तुकडा ठेवला. त्याने खाल्ला आणि बरी आहे म्हणाला. पोशीरमध्ये तेव्हा कुठल्याच दुकानात चिक्की मिळत नव्हती, आणि ती मिळायची ती माथेरानला. ठाकूरवाडीच्या बायका डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेऊन रोज वर जायच्या, त्यांच्यामागून पायवाट धरली की झालं.

ती कुठे गेली होती हे त्याने विचारलंच नव्हतं.

पुढे कापणी झाल्यावर तिने निळ्या पुस्तकातली गोष्ट म्हणून डोंगराची गोष्ट सांगितली. सुमतीने आयुष्यभर खालून तो डोंगर बघितलेला असतो. संध्याकाळी वर दिवे लागतात ते मोजलेले असतात. "मला एकडाव ने" असं तिने नवऱ्याला लग्नापासून सांगितलेलं असतं, आणि तो "नेऊ की" म्हणत आलेला असतो. मग एक दिवस ती पातळ वाळत घालते आणि निघते. वर एका दगडावर बसते आणि खाली शोधते. आणि तिला आपलं घर दिसतं; एवढं एवढंसं, पिवळ्या टिकलीएवढं. दशरथ तेव्हा हसून म्हणाला होता, "पिवळं पातळ तर तुझ्याकडं पन हाय."

"हाय की," आवडी म्हणाली होती.

त्याने पुढे काही विचारलं नाही. उद्या कॅन्टीनमध्ये ही गोष्ट कुठे थांबवून घोट घ्यायचा, याचा तो विचार करत होता. आणि माथेरानला तो स्वतः कंपनीच्या सहलीला जाऊन आला होता, एकदा सोडून दोनदा. त्या सहलीला बायकांना नेत नसत.

पुढच्या रविवारी डोकं दुखतं म्हणून पडून राहावं असं त्याने ठरवलं होतं. पण नवनाथ सगळ्यांच्या आधी आला आणि हाका मारायला लागला. "अरं वाचक! सापडला का डोंगर? मी त्या हिरूला पैजेवर सांगितलंय, दशरथकडं असनारच म्हणून."

एवढा विश्वास टाकणाऱ्या माणसाला अंथरुणातून तोंड दाखवणं दशरथला जमलं नाही. अंबूबाई आल्या, हिरू आली. दशरथ उठला, कपाट उघडलं आणि पुस्तकं ओंजळीओंजळीने आणून ओटीवर ठेवायला लागला. रुचिता मदतीला धावली तर तिला त्याने हाताने थांबवलं. ढीग केवढा तरी झाला. खाली बसताना त्याने कपाटाला पाठ टेकली नाही.

"ही समदी सोवळी हायेत," तो म्हणाला.

नवनाथला वाटलं, थट्टा चालली आहे. तो हसला. मग दशरथचं तोंड बघून थांबला.

"म्हंजे?"

"म्हंजे मी एक पन वाचलं नाय."

"आनि आमाला सांगितलंस ते?"

"ते आवडीचं. ती सांगायची, मी तुमाला सांगायचो. तिनं पन पुस्तकातलं नाय सांगितलं. तिचं सोताचंच सांगितलं."

हिरूने मान खाली घातली. आपण विचारलं नसतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटत असावं. नवनाथने ढिगातलं एक पुस्तक उचललं आणि न उघडताच परत ठेवलं. चिडायचं की काय करायचं ते त्याला समजत नव्हतं. त्याने या गोष्टी आपल्या पोरांना सांगितल्या होत्या, व्याह्यांना सांगितल्या होत्या. मग त्याला एकदम काहीतरी सुचलं आणि विचार न करता तो बोलून गेला, "मंग ती डोंगराची... दशरथ, अरं त्या नवऱ्याला आपन किती हसलो रं! नंदीबैल म्हनायचो त्याला. कुनाला काय समजलं नाय की म्हनायचो, हा बघा सुमतीचा नंदी..."

तो तिथेच थांबला.

दशरथनेच तर ती गंमत सुरू केली होती. त्या नवऱ्याची नक्कल करून दाखवायचा तो, भाकरी खाताना मान हलवत, "बरी हाय, बरी हाय." कॅन्टीन हसून लोळायचं. आणि घरी येऊन तो आवडीला सांगायचा, "त्या नवऱ्याला लई हसले गं आज." ती विचारायची, "कोन कोन हसलं?" तो नावं सांगायचा.

दशरथने तोंडावर पंचा धरला. म्हातारा माणूस सगळ्यांसमोर रडायला लागला की बाकीच्यांनी कुठे बघावं हा प्रश्न असतो. अंबूबाईंनी ढिगातलं वरचं पुस्तक उचललं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

"नियम आहे आपला," त्या म्हणाल्या. "सोवळं असेल ते उष्टं करायचं. झोप आली तर आम्ही हलवू. वाचा मोठ्याने."

तो वाचायला लागला. अडखळत, हळदीच्या बोटांवर बोट ठेवत. बोटं संपली तिथे तो थांबला, आणि पुढचं हिरूने वाचलं.

थंडी पडायला लागली आणि हवा धुऊन काढल्यासारखी झाली, तेव्हा एका सकाळी दशरथ नवनाथला घेऊन माथेरानला निघाला. आवडीच्या पायवाटेने चढायचे गुडघे आता राहिले नव्हते. नेरळहून टॅक्सीने दस्तुरीच्या गाडीतळापर्यंत आणि तिथून लाल मातीतून चालत. घोडेवाले मागे लागले, "बसा ना बाबा, पाय दुखतील." दशरथ म्हणाला, "दुखू दे."

नेरळच्या अंगाला डोंगराचं जे टोक निघतं, तिथे ते दोघे एका दगडावर बसले. खाली सगळं पसरलेलं होतं. कापलेली शेतं, नव्या इमारती, चकाकणारे पत्रे, झाडांचे पुंजके. नवनाथने बोट करून नेरळ दाखवलं, मग नदी दाखवली, मग अंदाजानेच म्हणाला, "तिकडं पोशीर." दशरथने डोळ्यांवर हात धरला.

निघताना त्याने रुचिताला सांगितलं होतं. पिवळं पातळ आता पातळ राहिलं नव्हतं. आवडीनेच जाण्याआधी ते गोधडीला वरच्या अंगाला लावलं होतं, आणि तीच गोधडी तो रोज पांघरत आला होता. ती गच्चीवर नीट पसरून वाळत घाल, एवढंच तो म्हणाला होता. कशाला ते रुचिताने विचारलं नाही. रविवारी तीही ओटीवर असायची.

फोन वाजला.

"बाबा, घातली. पार कठड्यावरनं खाली सोडलीय. दिसते का?"

दशरथने पुन्हा पाहिलं. एवढ्या उंचीवरून एवढ्या लांबचं एक घर कुठून दिसायचं? घर नाही तर घरावरचं कापड कुठलं? गावच धुरकट हिरवट एकसारखं झालं होतं. नवनाथ शेजारून हळूच म्हणाला, "मला वाटतं दिसतंय रं. ते बघ, पिवळं..."

"नको रं," दशरथ म्हणाला. "खोटं नको."

म्हणजे तिलाही दिसलं नव्हतं. दिवसभराची चाल करून ती इथे येऊन बसली, तिने डोळे ताणताणून शोधलं, आणि तिला घर सापडलं नाही. मग खाली येऊन, बोलणी खाऊन, भाकऱ्या थापून, तिने नवऱ्याला सांगितलं की सुमतीला घर दिसलं. तेवढंच एक तिने त्यात खोटं घातलं होतं, आणि नेमकं तेवढंच कॅन्टीनमध्ये सगळ्यांना खरं वाटलं होतं.

"बाबा? ऐकू येतं का? दिसते का गोधडी?"

"नाय गं. नाय दिसत."

रुचिता म्हणाली, "मग काढू का?"

"नको, र्‍हाऊ दे," दशरथ म्हणाला. "तिन्हीसांज झाली तरी र्‍हाऊ दे."

फोन ठेवून तो तसाच बसून राहिला. नवनाथने खिशातून चिक्कीचं पाकीट काढून दोघांच्या मध्ये ठेवलं, आणि दोघांपैकी कुणीही ते उघडलं नाही.